सर्व्हे नंबर दोनशे सात

हिंगणवेलच्या गावनकाशात एक नंबर आहे
गांडुळासारखा.
रुंदी चाळीस फूट, लांबी पावणेचार मैल.
एक टोक फाट्यावर, मिरजेच्या छोट्या गाडीच्या वाटेला चिकटलेलं,
दुसरं कुठल्याशा गोदामाच्या भिंतीत शिरून थांबलेलं.
सातबाऱ्यावर कब्जेदार : लाईट रेल्वे कंपनी.
कंपनी केव्हाच वारली. वारसनोंद झाली नाही.

मी भूकरमापक. नोटिसा बजावून
सकाळी साडेआठला रोव्हरची काठी रोवली
तर लगतचे सगळे खातेदार हद्दीवर हजर,
प्रत्येकाचा एक पाय कंपनीच्या जमिनीत.

बाबगोंडा चौगुले म्हणाले,
"हितं चढ हुता. चाकं घसरायची.
फायरमन उतरून रुळावर वाळू टाकायचा, आमच्या वड्यातली.
त्या वाळूचं पैसं मागाय माझा आज्जा मिरजेला गेलता.
त्याच गाडीनं. बिनतिकिटाचा."

काय न्यायची गाडी?
हळद. गुळाच्या ढेपा.
आणि ओढ्याकाठच्या मळ्यांतले कडू भोपळे,
वाळवून, पेंढ्यात गुंडाळून,
मिरजेच्या सतारमेकर गल्लीसाठी.
वाघीण काठोकाठ भरायची
आणि काटा जागचा हलायचा नाही.
हवेला भाडं कसं लावायचं
यावर फाट्याचा मास्तर आणि वरचं हापीस
यांच्यात अकरा महिने पत्रं चालली म्हणे.
पत्रंही त्याच गाडीनं जायची.

दुपारी दस्तगीर नदाफांच्या दारात पाणी प्यायलो.
उंबरा म्हणजे रुळाखालचा स्लीपर,
खिळ्यांची भोकं मेणानं बुजवलेली.
त्यांचे वालीद फाट्यावर पॉइंट्समन.
"बंद झाली ती कधी?" मी विचारलं.
"बंद झाली आसं कुणी सांगितलंच न्हाई, सायेब.
एका बेस्तरवारी गेली ती आली न्हाई.
पण दिव्याचं राकेल येत ऱ्हायलं महिनाभर,
म्हणून अब्बा महिनाभर दिवा लावत ऱ्हायले."

मग टोळी आली रूळ उपसायला.
गोदामाकडून सुरुवात केली.
उपसलेले रूळ ट्रॉलीवर चढवायचे
आणि पुढच्या, अजून न उपसलेल्या रुळांवरून ढकलत न्यायचे.
अशी ती लाईन
आपणच आपल्याला पाठीवर घेऊन
फाट्यापर्यंत गेली.

पुढे मोठी लाईनही रुंद झाली.
तिच्या एका इंजिनाला रंग देऊन
चौथऱ्यावर उभं केलंय,
सुट्टीत पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात.
या फाट्याला चौथरा नाही.
फक्त एका ठिकाणी द्राक्षांच्या सरळ ओळी
कारण नसताना डावीकडे वळतात
आणि मळेवाल्याला विचारलं तर म्हणतो,
"थोरल्यांनी आशीच लावली."

संध्याकाळी नकाशा जुळवत होतो गाडीच्या बॉनेटवर.
नदाफ काठी टेकत आले, वाकून पाहिलं.
"चाळीस फूट कशाला? आडीचच फूट हुती.
माझी ल्हानपणीची एक ढांग."
मग बोट ठेवून :
"आन दिव्याचा खांब?"

खांब नव्हता. खांबाची चौकट नव्हती, खड्डासुद्धा नव्हता,
तिथे शेणकी होती कुणाची तरी.
खुणांच्या तक्त्यात विहीर आहे, देऊळ आहे,
बांध, पायवाट, विजेचा डांब, स्मशान.
लागत राहिलेल्या दिव्याची खूण
आमच्या खात्यानं ठरवलेली नाही.

मी एक बारीक गोल काढला.
परवा तपासणीत वरिष्ठ विचारतील, हे काय.
बाजूला लिहून ठेवलंय : झाड.